चाळीतला बहुरूपी

दिनांक 15 सप्टेंबर 1959 रोजी दिल्लीच्या आकाशवाणी भवनात राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भारतातील दूरचित्रवाणीचा आरंभ झाला, तेव्हा त्या घटनेची वार्ता देशातील बहुसंख्य जनतेला दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातून कळली असेल किंवा कळलीही नसेल. कारण संच मोजके, तेही सामुदायिक, प्रक्षेपण आठवड्यातून दोन दिवस तासाभराचे, आणि त्याचा पल्ला दिल्ली शहर व भोवतालचा परिसर एवढाच होता. या नवजात खात्याच्या दिमतीला जी थोडी माणसे दिली होती, त्यांत निर्माता म्हणून एक मराठी गृहस्थ रुजू झाले होते. त्यांनी कलेक्टर कचेरीत आणि युद्धकाळातील पेट्रोल रेशनिंगच्या दफ्तरात कारकुनी केली होती, शाळेत मुले शिकवली होती, महाविद्यालयात मराठीचे अध्यापन केले होते, नाटक मंडळीत आणि चित्रपटांत तोंड रंगवले होते, आणि पेटी तर ते लहानपणापासूनच वाजवीत आले होते. या गृहस्थांचे, म्हणजे पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे तथा ‘पुलं’ यांचे, वय त्या वेळी चाळिशीला टेकले होते. पंडित नेहरूंची भारतीय दूरचित्रवाणीवरील पहिली मुलाखत घेण्याचा मान त्यांच्याकडे जातो. असा मनुष्य, ज्याला इंग्लंडात बी.बी.सी.कडे धाडून सरकारने या विद्येचे शिक्षण देवविले होते, तो त्या पडद्यावर चिरकाल राहील आणि घराघरांतून दिसणारा पहिला भारतीय विनोदी नट होईल, असे भाकीत कोणी केले असते तर ते वावगे ठरले नसते. घडले ते मात्र विपरीत. दोन वर्षांच्या आतच हा मनुष्य सरकारी चाकरी टाकून मुंबईच्या रंगमंचावर एकटा येऊन उभा राहिला, आणि ज्या पडद्यासाठी त्याला घडवले गेले होते तो पडदा बराच काळ त्याच्याविना राहिला.

वर्ध्याहून आर्वीकडे जाणाऱ्या सडकेवरील आमच्या आंजी (मोठी) गावाला 1959 साली मुंबईशी कर्तव्य असे फारसे नव्हतेच. तीनच वर्षांपूर्वी, 1 नोव्हेंबर 1956 रोजी, आमचा जिल्हा मध्य प्रदेशातून काढून द्वैभाषिक मुंबई राज्याला जोडण्यात आला होता. तोपर्यंत आमची राजधानी नागपूर, आमचे हायकोर्ट नागपूर, आणि 1948 साली सुरू झालेले आमचे आकाशवाणी केंद्रही नागपूरच. गिरगाव म्हणजे काय, चाळ म्हणजे काय, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात सात माणसे कशी राहतात, आणि गच्ची या वस्तूवरून भाडेकरूंमध्ये रणे कशी माजतात, याची कल्पना येण्यास आमच्याकडे साधन नव्हते. आमच्याकडे वाडे होते, कौलारू घरे होती, आणि त्यांच्यामध्ये गुरे बांधण्याइतकी ऐसपैस जागा होती. तरीसुद्धा या मुलखातील माणसे पुढे देशपांड्यांच्या ‘बटाट्याची चाळ’मधील भाडेकरूंना नावानिशी ओळखू लागली, हा माझ्या मते मराठी विनोदाच्या इतिहासातील एक विचार करण्याजोगा प्रकार आहे.

नक्कल ही आमच्या मुलखाला नवी नव्हती. कापूस बाजाराला जाऊन घरात चार पैसे आले की बहुरूपी गावात उतरत, आणि त्यांच्या अंगी असलेल्या विद्येचा अर्धा भाग सरकारी अंमलाच्या निरीक्षणात खर्ची पडलेला असे. कोणी जमादाराच्या वेषात दारात उभा राहून भलत्याच कलमाखाली घरधन्याची जबानी घेऊ लागे, कोणी बगलेत जुने दप्तर मारून थकबाकीचा हिशेब मागे, आणि ओसरीवरची पोरे आधी भेदरून, मग खिदळून, शेवटी त्याच्या मागोमाग शेजारच्या दारापर्यंत जात. या सोंगांचे मर्म इतकेच होते की ज्याची नक्कल करायची तो मनुष्य प्रेक्षकांच्या परिचयाचा आणि थोडासा धाकाचाही असला पाहिजे. मध्य प्रांतातील आमच्या जिल्ह्यात पटवारी, कोतवाल, नायब तहसीलदार आणि मालगुजार ही मंडळी या कसोटीला पुरेपूर उतरत. परंतु 1951 साली मालगुजारी कायद्याने संपुष्टात आली, आणि ज्या सोंगाचा मूळ धनीच नाहीसा झाला त्या सोंगाला पुढच्या पिढीने हसावे ते कशाला, असा प्रश्न कोणाही बहुरूप्यापुढे उभा राहिला असता. जी नक्कल सत्तेच्या आधारावर उभी असते तिची मुदत सत्तेइतकीच असते.

महाराष्ट्राच्या इतर भागांत या विद्येला अधिक साहित्यिक वळण लागले होते. एकनाथांनी भारुडांतून जोशी, बहिरा, मुका अशी नाना पात्रे एकाच गायकाच्या मुखी घातली. देवळांतील उत्सवाच्या अखेरीस होणाऱ्या लळितात एकामागून एक सोंगे सभेत येऊन आपापली कैफियत मांडीत. तमाशातील सोंगाड्या गावच्या पाटलालाही सोडीत नसे. आणि विसाव्या शतकात गणेशोत्सवाच्या मांडवांतून नकलाकार भोंडे यांच्यासारखे कलावंत केवळ नकलांच्या बळावर प्रेक्षकांना धरून ठेवीत. मुंबईच्या जोगेश्वरीत आणि पुढे पार्ल्यात वाढलेल्या देशपांड्यांच्या कानांवर हे सर्व संस्कार होतेच, शिवाय आजोबा वामन मंगेश दुभाषी, म्हणजे ‘ऋग्वेदी’, यांच्या रूपाने विद्वत्तेचा आणि भाषेचा वारसाही घरात होता.

या गृहस्थांच्या चरित्रातील नोकऱ्यांची यादी वाचली की पुष्कळांना तिच्यात अस्थिरता दिसते. मला तीत शिक्षण दिसते. कारकुनीने त्यांना ‘असा मी असामी’मधील बेन्सन जॉन्सन कंपनीचा धोंडो भिकाजी दिला. बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात काढलेल्या दिवसांनी त्यांना कानडी वळणाचे मराठी बोलणारे, लिंगवचनाची खिचडी करून तोंड भरून शिव्या देणारे आणि संगीतासाठी जीव टाकणारे रावसाहेब दिले. पत्नी सुनीताबाई रत्नागिरीच्या. 12 जून 1946 रोजी त्यांचा विवाह तेथेच झाला, आणि त्या सासुरवाडीच्या आळीतून अंतू बर्वा निघाला. ज्या गावात त्यांनी भाडे भरले किंवा जावईपण भोगले, त्या गावाची बोली त्यांच्या जिभेवर कायमची बसली. आणि ज्या गावी ते केवळ पाहुणे म्हणून गेले, तेथील बोलीचे त्यांनी चित्र काढले तरी त्यात हा जिवंतपणा नेहमीच आला असे म्हणवत नाही. या विधानाचा आमच्या विदर्भाशी संबंध आहे, म्हणून त्याकडे मी पुढे येईनच.

चित्रपटात त्यांनी 1953 च्या ‘गुळाचा गणपती’पर्यंत जवळजवळ सर्व खाती सांभाळली, कथा, पटकथा, दिग्दर्शन, संगीत आणि नायकाची भूमिका असा सगळा संसार एकट्याने केला आणि मग त्या व्यवसायाला रामराम ठोकला. 1955 साली ते पुण्याच्या आकाशवाणीत दाखल झाले. नभोवाणीने त्यांना जे शिकवले ते रंगभूमीने शिकवले नसते: चेहरा नाही, वेष नाही, हातवारे नाहीत, केवळ आवाज आहे, आणि त्या आवाजातून श्रोत्याला माणूस दिसला पाहिजे. एकपात्री प्रयोगाची खरी तालीम या ध्वनिमुद्रणाच्या बंद खोलीत झाली, असे मला वाटते.

मग लंडन. 1958 च्या सुमारास ते जेव्हा तेथे पोचले, तेव्हा ब्रिटिश दूरचित्रवाणी वीस वर्षांहून अधिक जुनी झाली होती. 1936 साली सुरू झालेल्या बी.बी.सी.ला 1955 पासून व्यापारी वाहिनीचा प्रतिस्पर्धी मिळाला होता, आणि विनोदी नट हा त्या चढाओढीतील मोठा मोहरा होऊन बसला होता. नभोवाणीवर तेव्हा ‘गून शो’ चालू होता, ज्यात पीटर सेलर्स एका बैठकीत अनेक आवाज काढी आणि ज्याचा मुख्य लेखक स्पाइक मिलिगन हा जन्माने आमच्या अहमदनगरचा होता. होय, 1918 साली नगरच्या लष्करी वस्तीत एका सैनिकाच्या घरी तो जन्मला आणि त्याच्या बालपणाची काही वर्षे पुण्यात गेली. इंग्रजी विनोदाची चाकोरी मोडून टाकणाऱ्या या माणसाच्या कानावर पडलेली पहिली बाजारू बोली कदाचित मराठी किंवा हिंदुस्थानी असेल, ही कल्पना मला फार मोहक वाटते. तिच्यापलीकडे तिला काही आधार नाही. सेलर्सने मात्र 1960 च्या एका चित्रपटात हिंदी डॉक्टराची भूमिका करताना आपल्या लोकांच्या इंग्रजी उच्चारांची जी नक्कल केली, ती इंग्रज प्रेक्षकाला अतोनात आवडली आणि आपल्यापैकी अनेकांना डाचली. दुरून ऐकलेल्या बोलीचे असेच होते.

लंडनच्या त्या मुक्कामाचे वर्णन ‘अपूर्वाई’त आले आहे आणि ते मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून त्याची पुनरुक्ती येथे करीत नाही. त्याऐवजी अशा एका इंग्रज कलावंताची हकीकत सांगणे प्रस्तुत ठरेल, ज्याची कारकीर्द पुलंच्या कारकिर्दीशेजारी ठेवली असता दोघांचाही स्वभाव उघड होतो. माइक यारवुड हा 1941 साली चेशायर परगण्यात जन्मलेला, सामान्य स्थितीतील मुलगा. साठीच्या दशकात त्याने पंतप्रधान हॅरल्ड विल्सन यांची नक्कल सुरू केली: हातात चिरूट नव्हे तर पाइप, अंगात त्यांचा तो प्रसिद्ध रेनकोट, आणि यॉर्कशायरी ठेक्यातील सावकाश बोलणे. विल्सन गेले आणि एडवर्ड हीथ आले, तेव्हा हसताना दोन्ही खांदे गदगदा हलवणारे हीथ त्याने उभे केले. डेनिस हीली या अर्थमंत्र्याच्या जाड भुवया उचलल्या. कार्यक्रमाच्या शेवटी तो सर्व सोंगे उतरवून, ‘आणि हा मी’ अशा अर्थाचे वाक्य म्हणून स्वतःच्या आवाजात एक गाणे गाई. 1977 च्या नाताळात त्याचा कार्यक्रम दोन कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. एका छोट्या बेटावरील एवढा प्रेक्षकवर्ग एका नकलाकाराच्या पुढे एकाच संध्याकाळी बसला, हे त्या काळच्या दूरचित्रवाणीचे सामर्थ्य.

दोन वर्षांनी, 1979 मध्ये, मार्गारेट थॅचर पंतप्रधान झाल्या, आणि यारवुडची अडचण झाली. त्याला स्त्रीचा आवाज जमत नव्हता. ती नक्कल दुसऱ्याच कलावतीच्या हाती गेली. विल्सन आणि हीथ यांना लोक विसरू लागले, आणि त्यांच्याबरोबर यारवुडलाही. 1982 साली त्याने बी.बी.सी. सोडून दुसऱ्या वाहिनीचा आश्रय घेतला, पण रंगमंचाचे भय आणि मद्य यांनी त्याला पुरते घेरले, आणि ज्या वयात नट मुरतो त्या वयात तो पडद्याआड झाला. 2023 साली त्याचा मृत्यू झाला तेव्हा श्रद्धांजली वाहणाऱ्यांना आधी हॅरल्ड विल्सन कोण होते हे तरुण वाचकांना समजावून सांगावे लागले असेल. आमच्या गावच्या बहुरूप्याच्या मालगुजाराचे जे होणार होते, ते यारवुडच्या पंतप्रधानांचे झाले.

पुलंनी काय केले? त्यांनी कोणाही सुप्रसिद्ध माणसाची नक्कल आपल्या कलेच्या पायाशी घातली नाही. 1958 साली ‘बटाट्याची चाळ’ हे पुस्तक प्रसिद्ध झालेच होते. 1961 साली त्याचा एकपात्री प्रयोग रंगभूमीवर आला. टोपल्यांचे व्यापारी धुळा नामा बटाटे यांनी बांधलेली ती चाळ, तिच्यातील साठ बिऱ्हाडे, आणि त्यांतून निवडून काढलेले सोकाजी त्रिलोकेकर, अण्णा पावशे, एच्च. मंगेशराव, जनोबा रेगे, राघूनाना सोमण, आचार्य बाबा बर्वे वगैरे रहिवासी. यांपैकी एकाचाही मूळ पुरुष प्रेक्षकाला ठाऊक नव्हता, आणि ठाऊक असण्याची आवश्यकताही नव्हती. नकलेची कसोटी मुळाशी ताडून पाहण्यात असते असा जो सर्वसामान्य समज, तो येथे गळून पडला. मूळच नसलेल्या माणसाची ही नक्कल प्रेक्षक तंतोतंत साधली म्हणून दाद देत होता, कारण तो तिला आपल्या चुलत्याशी, शेजाऱ्याशी, कचेरीतील हेडक्लार्काशी पडताळून पाहत होता.

प्रयोगातील करामत जवळून पाहण्यासारखी होती. रंगभूषेत आणि वेषात फरक न करता हा मनुष्य एका पात्रातून दुसऱ्यात जाई, आणि त्या दोहोंमधील सांधा दिसत नसे. पहिल्या पात्राचे वाक्य संपत आलेले असतानाच मानेचा कोन बदले, शब्दांचा वेग मंदावे किंवा वाढे, अनुनासिक उच्चार एकाकडे असे तर दुसऱ्याकडे पाठारे प्रभू वळणाचे मराठी, आणि तिसरा बोलू लागला की पहिले दोघे कोठे उभे आहेत हेही प्रेक्षकाला दिसे. ज्या रिकाम्या जागेकडे बोलणारा पाहत आहे, तेथे मघाचा माणूस अद्याप आहे, ऐकतो आहे, आणि बहुधा रागावला आहे. नक्कल करणारे पुष्कळ असतात. नक्कल झालेल्या माणसाला रंगमंचावर शिल्लक ठेवणारे थोडे. आणि या सर्व हास्यकल्लोळाच्या अखेरीस ‘एक चिंतन’ येई, ज्यात चाळ मोडकळीला आलेली असे आणि हसून दमलेले सभागृह गप्प होई. यारवुड शेवटी स्वतः होऊन गात असे. पुलं शेवटी चाळ होऊन बोलत.

तो काळच मराठी रंगभूमीवर बहुरूपाचा होता. 8 ऑक्टोबर 1962 रोजी अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ आले आणि प्रभाकर पणशीकरांनी एका भामट्याची पाच सोंगे फिरत्या रंगमंचावर उभी केली. त्याच वर्षी पुलंची ‘वाऱ्यावरची वरात’ निघाली. परंतु पणशीकरांच्या बहुरूपामागे एक गुन्हेगार होता, कोर्ट होते, जाबजबान्या होत्या. पुलंच्या बहुरूपामागे कोणताही अपराध नव्हता, साठ बिऱ्हाडांच्या भाडेपावत्या तेवढ्या होत्या.

एका प्रकरणाचा उल्लेख विदर्भवासी म्हणून केलाच पाहिजे. चाळीतील ‘गच्चीसह झालीच पाहिजे’ हे प्रकरण संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतील घोषणेचे उघड विडंबन आहे. गच्चीची किल्ली मालकाकडून मिळवण्यासाठी भाडेकरू जो लढा उभारतात, त्यातील सभा, ठराव, फूट आणि पोवाडे मुंबईच्या प्रेक्षकाला आपल्याच कालच्या मिरवणुकीची आठवण देत. ज्यांनी त्या चळवळीत लाठ्या खाल्ल्या होत्या तेही हसले, हे त्यांचे मोठेपण आणि लेखकाच्या हेतूच्या शुद्धतेचे प्रमाणही. आमच्याकडे मात्र त्या घोषणेचा आवाज मुळातच निराळा ऐकू येई. 1955 च्या राज्य पुनर्रचना आयोगाने स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती, बापूजी अणे आणि ब्रिजलाल बियाणी यांच्यासारखे पुढारी त्या बाजूला होते, आणि 1953 चा नागपूर करार हा या भागाला दिलेला लेखी शब्द म्हणून लोक उच्चारीत असत. तेव्हा गच्ची मिळवणारे भाडेकरू आणि गच्चीखाली राहूनही तिची फारशी आस नसलेले भाडेकरू असे दोन वर्ग त्या विनोदाला होते, आणि आम्ही दुसऱ्यांत मोडत होतो. विनोद तरीही पोचला. तो थोडा तिरपा होऊन पोचला इतकेच.

याच्या उलट आचार्य बाबा बर्व्यांना ओळखायला वर्धा जिल्ह्यातील माणसाला एक क्षणही लागला नाही. 1936 साली गांधीजी सेवाग्रामला राहावयास आले, विनोबा पवनारला धाम नदीच्या काठी, आणि त्या दोन तपांत आमच्या सडकांवरून चालणाऱ्या व्रतस्थांची, सूत कातणाऱ्यांची, मौन पाळणाऱ्यांची, आणि मिठाशिवायच्या उकडलेल्या भाजीचे महत्त्व सांगणाऱ्यांची जेवढी संख्या होती तेवढी गिरगावाने पाहिली नसेल. त्यांतील बहुतेक खरोखरीच थोर होते. थोडे थोर असल्याचा आव आणणारे होते. आणि त्या दोहोंतील भेद रोजच्या दूध घालणाऱ्या गवळ्याला बरोबर कळत असे. 1957 च्या ‘तुझे आहे तुजपाशी’मधील आचार्य आणि चाळीतील बाबा बर्वे हे त्या दुसऱ्या वर्गाचे प्रतिनिधी. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की याच लेखकाने पुढे ‘गांधीजी’ हे छोटेसे चरित्र अत्यंत भक्तीने लिहिले. मूळ पुरुषाला हात न लावता त्याच्या सावलीत वाढलेल्या ढोंगाची तेवढी नक्कल करणे, हा विवेक सर्व नकलाकारांना साधत नाही.

आता नागपूरकराविषयी. 1944 साली ‘अभिरुची’त प्रसिद्ध झालेले पुलंचे पहिले व्यक्तिचित्र ‘भय्या नागपूरकर’ हे होते, आणि पुढे ‘मुंबईकर, पुणेकर की नागपूरकर’ या सुप्रसिद्ध भाषणातही आमच्या मुलखाची माणसे त्यांनी रंगवली. ही चित्रे ऐकून आम्ही हसलो आहोत, हे नाकारण्यात अर्थ नाही. ऐसपैसपणा, उन्हाळा, अघळपघळ पाहुणचार आणि हिंदी वळणाची क्रियापदे ही सर्व सामग्री त्यांत आहे. पण अंतू बर्वा बोलतो तेव्हा त्याच्या वाक्यामागे चार पिढ्यांचे दारिद्र्य, बुद्धीचा माज आणि मुंबईस गेलेल्या मुलाची वाट ऐकू येते. नागपूरकर बोलतो तेव्हा त्याच्यामागे नागपूर स्टेशन दिसते, जेथे पाहुणा उतरला आणि चार दिवसांनी पुन्हा गाडीत बसला. आंजीचा मनुष्य ‘मी जाऊन राह्यलो’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात गंमत नसते. गंमत ऐकणाऱ्याच्या मनात असते. पुलंचा कान फार मोठा होता, पण तो सर्वत्र सारखा तीक्ष्ण नव्हता, आणि हे सांगितल्याने त्यांच्या थोरवीला बाध येतो असे मला वाटत नाही.

या प्रयोगांची व्यवस्था सुनीताबाईंच्या हाती होती, आणि ती कडक होती. तिकिटांसाठी रांगा लागत, आणि नाट्यगृहे भरून जात असताना, म्हणजे कोणताही व्यापारी मनुष्य जेव्हा दुकान वाढवील अशा वेळी, ते प्रयोग थांबवण्यात आले. मिळालेल्या द्रव्यातून पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानामार्फत अनेक संस्थांना देणग्या गेल्या. हिंगणघाटला जन्मलेले आमच्याच जिल्ह्याचे पुत्र बाबा आमटे आणि त्यांचे वरोऱ्याचे आनंदवन यांच्यावर पुलंचा लोभ विशेष होता. ज्या माणसाने आचार्यांच्या वेषातील दंभावर इतके प्रहार केले, तो खऱ्या त्यागापुढे किती सहज नम्र होत असे याची साक्ष आनंदवनातील मित्रमेळाव्यांना गेलेले लोक देत.

ज्याने पुढाऱ्यांच्या नकला करून नाव कमावले नाही, त्याला पुढाऱ्यांशी बोलण्याची वेळ आली तेव्हा तो स्वतःच्या आवाजात बोलला. आणीबाणीत पवनारहून अनुशासनपर्वाची भाषा देशभर पसरली असताना पुलं दुसऱ्या बाजूला उभे होते, आणि 1977 च्या निवडणुकीत जनता पक्षाच्या सभांतून त्यांनी केलेली भाषणे ऐकण्यास नाटकाच्या प्रयोगासारखी गर्दी लोटली. पुढे 1996 मध्ये महाराष्ट्रभूषण हा सन्मान प्रथम त्यांनाच देण्यात आला, आणि तो स्वीकारूनही त्यांनी तत्कालीन राज्यकर्त्यांच्या दंडेलीविषयी परखड शब्द उच्चारले. त्यावर बाळासाहेब ठाकऱ्यांनी, जे एके काळी त्यांच्याच हाताखाली शाळेत शिकले होते, चिडून जे उद्गार काढले ते वर्तमानपत्रांच्या वाचकांच्या स्मरणात आहेत. नक्कल करणाऱ्याचे शस्त्र उपहास असते असे मानले जाते. या दोन्ही प्रसंगी त्यांनी ते म्यान केले आणि सरळ बोलले.

आंजीपर्यंत ही सर्व माणसे आली ती रंगमंचावरून नव्हे. नागपूर आकाशवाणीवरून कधीमधी काही तुकडे ऐकू येत. पुस्तके वर्ध्याच्या वाचनालयांतून येत आणि अनेक हातांतून फिरून फाटकी होऊन परत जात. पण खरी आवक झाली ती ध्वनिफितींमुळे. ऐंशीच्या दशकात पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊसने पुलंच्या कथाकथनाच्या फिती काढल्या, आणि ‘म्हैस’, ‘अंतू बर्वा’, ‘नारायण’, ‘रावसाहेब’ ही मंडळी तालुक्याच्या गावी रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात, लग्नघरात, एस.टी.च्या प्रवासात बोलू लागली. दूरचित्रवाणी त्या सुमारास नुकतीच नागपूरच्या आसपास पोचत होती. 1982 च्या एशियाडसाठी संच विकत घेणारी घरे गावात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि वीज जाण्याचे प्रमाण त्याहून मोठे. ज्या माणसाने देशाच्या पहिल्या पडद्यापाठी काम केले होते, तो आमच्याकडे चेहऱ्याशिवाय आला. पुण्याच्या बंद खोलीत नभोवाणीने त्याला जी विद्या शिकवली होती तीच शेवटी सर्वांत दूर पोचली. फीत घासून घासून आवाज जाड झाला, मधले एक वाक्य कायमचे गायब झाले, तरी पुढच्या वाक्याला लोक आधीच हसत असत, कारण मधले वाक्य त्यांना पाठ होते.

12 जून 2000 रोजी, विवाहाच्या चोपन्नाव्या वाढदिवशी, पुलं गेले. त्यांच्या पाठीमागून आणि काही अंशी त्यांच्या हयातीतच एकपात्री प्रयोगाचा एक फाटा दुसऱ्या मुलखात फुटला होता. मराठवाड्यात लक्ष्मण देशपांड्यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने बावन्न पात्रे उभी करून ग्रामीण बोली लंडनला नेली. दूरचित्रवाणीवर दिलीप प्रभावळकरांनी चिमणरावाला देह दिला, आणि पुढे ‘हसवाफसवी’त सहा निरनिराळ्या माणसांना. यवतमाळ जिल्ह्यातील बोरी अरबचे शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ घेऊन गावोगाव प्रयोग केले, आणि या गुलब्याने प्रथमच आमच्या बाजूची बोली पाहुण्याच्या तोंडून न ऐकवता घरच्या माणसाच्या तोंडून ऐकवली. 2014 पासून ‘चला हवा येऊ द्या’ या कार्यक्रमात अमरावतीकडचे भारत गणेशपुरे थुकरटवाडीचे सरपंच होऊन बसले. त्या कार्यक्रमात नटनट्यांच्या नकलांची रेलचेल असे, म्हणजे यारवुडचाच पंथ, परंतु सरपंच कोणाची नक्कल करीत नव्हते, ते बोलत तेवढे होते. आमच्या गावच्या पारावर त्यांचे कौतुक आहे. मात्र कौतुक करून झाले की एखादा म्हातारा हटकून सांगतो की हा मनुष्य वर्धा नदीच्या पलीकडचा दिसतो, अलीकडे आपण असे हेल काढीत नाही.